समोरची बैठक

आमच्या घरमालकीणबाईंच्या घराला बैठक नव्हती. स्वयंपाकघर होतं, देवघर होतं, धान्याची खोली होती, मागं न्हाणी होती, वर माझ्यासारख्या भाडेकऱ्याची खोली होती. पण दारातून आत पाय टाकला की थेट पिठाचा डबाच लागायचा. आलेल्या माणसाला बसवायचं कुठं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. माझ्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं असावं अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि रस्त्यापलीकडं हात केला.

"थे काय हाय?"

"बाग आहे."

"बाग नाई, बैठक हाय माही. येवढी मोठी बैठक समोर असताना घरात आखीन कायले बांधा? पैसा का वर आला हाय?"

मग मी काय शिकवतो ते त्यांनी विचारलं. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला आलो होतो.

"भूगोल? म्हंजे पाऊस कवा येईन हे सांगता येते?"

"तसं नाही सांगता येत."

"मंग कायले शिकले?" असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

सगळी आळी त्यांना मामी म्हणायची. त्या नेमक्या कोणाच्या मामी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मामा तर कधीचेच गेले होते. गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध. अमरावतीचे लोक त्याला अकोल्याकडचं समजतात, अकोल्याचे लोक अमरावतीकडचं, त्यामुळं त्याच्याकडं दोघंही लक्ष देत नाहीत. मी पक्का अमरावतीकर, म्हणजे आपल्याला फार कळतं असं समजणारा. चार दिवस काढू आणि बदली करून घेऊ, असा माझा बेत होता. राहिलो मात्र कितीतरी वर्षं. आता परत अमरावतीला आलोय, फ्लॅटमध्ये चांगली ऐसपैस बैठक आहे, सोफा आहे, आणि त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे बसलेले असतात.

तर ती बाग. गावात तिला हौदबाग म्हणतात. कापसाचे दिवस चांगले होते तेव्हा, इंग्रजांच्या अमदानीत, एका जिनवाल्या शेटनं ती गावासाठी बांधून दिली. मधोमध दगडी हौद, त्यात कारंजं, भोवती बिडाचे बाक, आणि कडुनिंबाची, चिंचेची, बकुळीची अशी झाडं, की भर उन्हात त्यांच्याखाली गेलं तर अंगावर थंडगार ओलं फडकं टाकल्यागत वाटावं. कारंजं मी कधी उडताना पाहिलं नाही. मामींच्या म्हणण्याप्रमाणं त्यांच्या लग्नाच्या साली ते उडालं होतं आणि पाहायला पार तिवशाहून माणसं आली होती.

मामी बागेला बैठक म्हणत, ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. सकाळी त्या घर झाडत, मग रस्ता ओलांडून बैठक झाडत. नगरपालिकेचा माळी होता, पण तो मामींचं झाडून होईपर्यंत फाटकाशी अदबीनं उभा राही. निंबाला खिळा ठोकून त्यांनी कॅलेंडर टांगलं होतं. बकुळीला आरसा होता, कारण पाहुणा प्रवासातून येतो, त्याला भांग नको का पाडायला? हौदाच्या काठाशी तिवईवर पाण्याचा रांजण होता, दोन झाडांमध्ये दोरी होती, आणि उन्हाळ्यात हौदाच्या दगडी कठड्यावर मामींच्या बाजरीच्या खारोड्या वाळत. दसऱ्याला फाटकाला तोरण लागे. भुलाबाई बसायची तीही हौदाच्या काठावर, आणि आळीतल्या सगळ्या पोरी गाणी म्हणायला तिथंच जमायच्या.

माझे वडील एकदा अमरावतीहून मला भेटायला आले. वडील म्हणजे कडक माणूस, सदऱ्याची वरची गुंडीही न सोडणारा. मामींनी त्यांना घरात येऊच दिलं नाही. "या, बैठकीत बसा," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून पुढं निघाल्या. वडील चकित होऊन मागं. फाटकाशी मामी थांबल्या.

"बाबूजी, जोडे इथं. आत्ताच झाडलं."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. शेवटी त्यांनी भर रस्त्यावर वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. मग पोह्यांचा ट्रे आला. मामी ट्रे घेऊन रस्त्यात उतरल्या की वाहनं थांबत. त्या दिवशी सरकीचा ट्रक थांबला होता आणि ड्रायव्हर खिडकीतून "मामी, आमाले नाई का?" म्हणत होता. वडील पोहे खाऊन, चहा पिऊन, बाकावरच अर्धा तास घोरले. पुढं कितीतरी दिवस ते अमरावतीत सांगत असत, की पोराच्या घरमालकिणीची बैठक मोठी हवेशीर आहे.

कॉलेजातली पोरं-पोरी जोडीजोडीनं बागेत यायची. इतर गावांत अशांना हाकलतात. मामी हाकलत नसत. त्या समोर जाऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत.

"बसा, बसा. काहून उठले? थे चिप्सचं पाकीट डब्यात टाक बे पोट्ट्या. आन तू कोनाची वं? बाप काय करते? मायची तब्येत बरी हाय न?"

एवढं झाल्यावर प्रेमात काय राम राहतो? पण पोरं येतच. पाणी मिळे, कधी चिवडा मिळे. अशा दोन जोड्यांची लग्नंही मामींनी लावून दिली. एक त्यांच्या मर्जीनं झालं, एक मामींच्या.

मामींच्या भाचीला पाहायला अकोल्याची मंडळी आली, तीही बागेतच बसली. बोलणी ऐन रंगात आली असताना वरच्या फांदीवरून एका कावळ्यानं मुलाच्या काकांच्या टोपीवर प्रसाद टाकला. काका लालबुंद झाले. मामी पदरानं त्यांची टोपी पुसत म्हणाल्या, "माह्या बैठकीत हे चालाचंच. तुमच्या तिकडं पंखा डोक्यावर पडते, त्यापरीस बरं." लग्न जमलं. काका मात्र त्यानंतर दर खेपेला छत्री घेऊन आले.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण गावातल्या काही पुढारी मंडळींच्या डोक्यात आलं, की हौदबागेच्या जागी गाळे बांधावेत. खाली दुकानं, वर दुकानं, मागं गाड्या लावायला जागा. अशा कामाला कारण लागतं, आणि ते कारण त्यांना मामींनीच ताटात वाढून ठेवलं होतं. फाटकावर नोटीस लागली: बागेचा लोकांना काही उपयोग उरलेला नाही, एका बाईनं ती बळकावली आहे, तिथं तिचा घरगुती संसार मांडलेला आहे, सबब बाग मोडून तिथं व्यापारी संकुल का करू नये, कोणाची हरकत असल्यास सुनावणीला यावं.

मामींनी ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग बाकावर बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"मास्तर," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "माह्यामुळं मोडून राहिले का हो हे?"

मला इतका राग आला, की सांगता सोय नाही. ज्या बाईनं रोज ती बाग झाडली, तिच्याच झाडूनं तिला मारायला निघाले होते लेकाचे!

सुनावणी ठेवली कधी? मे महिन्यात, दुपारी दोनला! वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी दोनला चोरसुद्धा घराबाहेर पडत नाही. सारं गाव दारं-खिडक्या लावून कूलरपुढं पडलेलं असतं. ज्याला सुनावणी नको असते तो ती अशाच वेळी ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी आळीतल्या लोकांना जमवलं आणि माझं अमरावतीचं डोकं लढवलं. आरोप काय, तर एका बाईनं बाग बळकावली. मग तिथल्या वस्तू एका बाईच्या नाहीतच, सगळ्या गावाच्या आहेत, असं आपण म्हणायचं. ज्यानं त्यानं एकेक वस्तू आपली म्हणून सांगायची. निवृत्त कंपाउंडर म्हणाले, रांजण माझा. आळीतला न्हावी म्हणाला, आरसा माझा. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी होती, ती म्हणाली, दोरी माझी, उड्या मारायला बांधली. कॅलेंडर मी घेतलं. मामींना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. तिथंच माझं चुकलं.

त्या दुपारी मामींना घेऊन आम्ही डोक्याला दुपट्टे गुंडाळून, खिशात कांदा घेऊन नगरपालिकेत पोचलो. नगरपालिका म्हणजे बागेच्या मागच्या फाटकाला लागूनच. सभागृहात पुढारी मंडळी कूलरसमोरच्या खुर्च्या धरून बसली होती. मधोमध मुख्याधिकारी मॅडम. वयानं तरुण, सांगलीकडच्या, आणि वऱ्हाडातला त्यांचा पहिलाच उन्हाळा. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता.

कारकुनानं वाचायला सुरुवात केली. "सदर बागेत झाडास ठोकलेले एक कॅलेंडर, एक आरसा, एक दोरी, पाण्याचा रांजण, तसेच हौदाच्या कठड्यावर खारोड्या आढळून आल्या..."

तेवढ्यात लाइन गेली. कूलर घरघर करून थांबला. पत्र्याच्या छताखालचं ते सभागृह असं काही तापलं, की पुढारीसुद्धा टोप्यांनी वारा घेऊ लागले. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्या एका बाजूला कलल्या.

मामी उठून थेट त्यांच्या टेबलाशी गेल्या. "उठा बाई. चक्कर येऊन राहिली तुमाले. चला माह्या बैठकीत."

"सुनावणी सभागृहाबाहेर घेता येत नाही," कारकून म्हणाला.

"मंग तू बस अठीच," मामी म्हणाल्या आणि मॅडमचा दंड धरून चालायला लागल्या.

मॅडमच निघाल्या म्हटल्यावर कारकून निघाला, कारकून निघाला म्हणून पुढारी निघाले. मागच्या फाटकाशी मामींनी सवयीनं "चपला इथं" म्हटलं आणि मुख्याधिकारी मॅडमनी निमूट चपला काढल्या. त्यांनी काढल्यावर इतरांची काय बिशाद? सगळी नगरपालिका अनवाणी आत आली.

निंबाखाली वारा होता. मामींनी मॅडमच्या तोंडावर पाणी मारलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, कांदा हुंगवला. मॅडम घटाघटा पाणी प्यायल्या. जरा वेळानं त्यांनी रुमाल दोरीवर वाळत टाकला आणि बकुळीजवळ जाऊन आरशात पाहून केस सारखे केले. मग बाकावर येऊन म्हणाल्या, "हं, वाचा."

"मुद्दा पहिला, पाण्याचा रांजण," कारकून म्हणाला.

"आधी अजून एक ग्लास द्या," मॅडम म्हणाल्या.

आमचे साक्षीदार उभे राहिले. कंपाउंडर अगदी छाती पुढं काढून म्हणाले, रांजण माझा. न्हावी म्हणाला, आरसा माझा, उन्हाळ्यात मी दाढ्या इथंच करतो. पोरीनं दोरी सांगितली. शेवटी मी उठलो आणि कॅलेंडर माझं, भूगोलाला तिथी-नक्षत्रं लागतात, असं काहीतरी ठोकून दिलं.

"काहून खोटं बोलता मास्तर?" मागून आवाज आला.

मामी उभ्या राहिल्या होत्या. संतापल्या होत्या.

"कॅलेंडर माह्यं हाय. बाजारातून मी आनलं, खिळा मी ठोकला. रांजन माहा, आरसा माहा, दोरी माही. ह्या कंपाउंडरनं कवा एक घागर तरी भरली का इचारा! आतिक्रमन हाय त हाय. लिहून घे गा बाबू."

कारकून खुशीनं लिहायला लागला. पुढारी एकमेकांकडं पाहून हसले. मी मटकन खाली बसलो. आता मामीच बागेला खड्ड्यात घालणार, असं मला वाटलं आणि मनातल्या मनात मी त्यांना नको नको ते बोललो.

मामी मॅडमच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. "बाई, लेकरंबाळं किती तुमाले?"

"मुलगी आहे एक. सांगलीला, सासूबाईंजवळ असते."

"तुमच्याजोळ नाई?"

"सारख्या बदल्या होतात." एवढंच म्हणून मॅडमनी रुमाल दोरीवरून परत घेतला. तो अजून ओलाच होता.

मामींनी बाकाच्या दांडीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "मी लगीन होऊन आली तवा सबन खटलं तीन खोल्यांत राहे. सासू, सासरे, दीर, जावा, ननदा. नवऱ्याशी बोलाचं त कोठी? मी फुलं वेचाच्या निमतानं इथं ये, थे विडी प्याच्या निमतानं येत. ह्याच बाकावर आमी संसाराचं काय थे बोललो. मंग माही माय मेली. घरात सन होता. सासू म्हने, सनाच्या दिवशी रडू नको. मी इथं येऊन रडली. घरात रडलं त सासू काहून म्हनते, गच्चीवर रडलं त शेजारीन पाह्यते. इथं कोनी काई इचारत नाई बाई. माहा मानूस गेला तवाबी मी इथंच रडली. माह्या घराले बैठक नाई म्हनून लोक हासतात. हासू द्या. तुमी बांधा गाळे, माह्यं काई म्हननं नाई. पन मंग या गावच्या बायकांनी रडाचं कोठी, तेवढं त्या कागदावर लिहून द्या."

कारकुनाचं लिहिणं थांबलं होतं. पुढाऱ्यांपैकी एक जण, ज्याची सून गेल्याच महिन्यात माहेरी निघून गेली होती, हौदाकडं बघत बसला. मला रडू फुटलं, ते मी कशाला लपवू?

मॅडम उठल्या. "खारोड्या उद्यापासून घरी वाळवायच्या," त्या म्हणाल्या.

"वाळवीन. पन कॅलेंडर राहीन."

"राहू द्या."

त्यांनी गाळ्यांचा प्रस्ताव नामंजूर केला. बाग जुनी आहे, लोकांच्या नित्य वापरात आहे, तिला हात लावू नये, असं स्पष्ट लिहिलं. आळीत पेढे वाटले. मामींनी तर कारकुनालाही दिला.

आणि पाऊस नीट लागायच्या आतच मॅडमची बदली झाली. सांगलीच्या उलट दिशेला, गडचिरोलीकडं. का झाली ते सगळ्यांना कळलं होतं. मोठ्यानं कोणी बोललं नाही.

त्या जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे निंबाखाली बसलो होतो. मामी, मी, कंपाउंडर, न्हावी आणि ती भरतीवाली पोरगी. मामी कंपाउंडरांशी भांडत होत्या. तेवढ्यात मागच्या फाटकातून मॅडम आत आल्या. एकट्याच, साध्या कपड्यांत, सोबत शिपाई नाही की गाडी नाही. आमच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. चिंचेखालच्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन त्या बसल्या.

मी उठलो. गावानं या बाईचे आभार मानायला नकोत का? चार पावलं टाकली असतील, तोच मागून माझा शर्ट ओढला गेला.

"कोठी चालले?"

"आभार मानतो मामी. उद्या जातायत त्या."

"बसा गुमान. थे लेकरू रडून राहिलं हाय, आन हे चालले आभार मानाले!"

मी पाहिलं. मला नुसती पाठ दिसत होती. मामींना इतक्या लांबून काय दिसलं कोण जाणे.

"मग पाणी तरी नेऊन देऊ का?" पोरगी म्हणाली.

"कोनी जाचं नाई, कोनी पाहाचं नाई," मामी दबक्या आवाजात म्हणाल्या. "फिरा सबन जन. तिकडं पाठ करा."

आम्ही सगळे फिरून बसलो. आमच्या समोर आता नगरपालिकेच्या मुतारीची भिंत होती. अंधार पडून मागचं फाटक वाजेपर्यंत आम्ही पाच जण ती भिंत पाहत बसलो.